आधी प्रसंग सांग

अरे बाबा,

तुझ्या दोन्ही याद्या वाचल्या. दिग्दर्शक व्ही. शांतारामांचे, आपल्या शांतारामबापूंचे, सर्वांत चांगले पाच सिनेमे आणि सर्वांत वाईट पाच. पहिल्या यादीतलं दुसरं नाव आधी खोड. ‘संत तुकाराम’ शांतारामबापूंचा नव्हे. तो दामले आणि फत्तेलाल यांचा, १९३६ सालचा. प्रभात कंपनीची तुतारीवाली पडद्यावर दिसली की पुढचं सगळं शांतारामांच्या खात्यावर जमा करायचं, ही आपल्याकडची जुनीच सवय. पण तुमच्या त्या सिनेमावेड्या कंपूत आठ-दहा डोकी होती, रात्री दोनपर्यंत तुम्ही भांडलात, आणि एकाच्याही हे लक्षात येऊ नये?

म्हणजे भांडण सिनेमांचं नव्हतंच, नावांचं होतं. पागनीसांचा तुकाराम ज्यानं डोळे उघडे ठेवून पाहिलाय त्याला तो शांतारामांचा वाटणारच नाही. तिथं तुकोबा बसलेत, गातायत, जिजाई करवादतेय, आणि कॅमेरा एका बाजूला राहून सगळं बघून घेतोय. कुणाला कसली घाई नाही. शांतारामबापू असं स्वस्थ बसू देत नाहीत. ते मानगूट धरून तुमची मान वळवतात. इकडे बघ म्हणतात. कधी जे दाखवतात त्यानं अंगावर काटा येतो, कधी वाटतं, एवढंसं दाखवायला मान कशाला पिरगळली? त्यांच्या चांगल्या-वाइटाचा सगळा वाद या एका गोष्टीभोवती फिरतो, आणि तुझ्या दोन्ही याद्यांत तिचा मागमूस नाही.

बरं, रागावून झालं. पत्राच्या शेवटी, अगदी जाता जाता, तू चार ओळी लिहिल्या आहेस. ‘नवरंग’ तुला लहानपणापासून आवडतो, तिथं तसं बोलून गेलास, सगळे हसले, कुणी तरी त्यातल्या नायिकेसारखी, संध्यासारखी मान हलवून दाखवली, आणि घरी येऊन तू ‘नवरंग’ वाइटांच्या यादीत टाकलास. वर मला विचारतोस, मावशी, मला सिनेमातलं कळत नाही का?

याचं उत्तर माझ्याकडून मिळणार नाही. मी उलट विचारते. जे हसले त्यांना तू विचारलंस का, की बाबांनो, कुठल्या प्रसंगाला हसताय? आणि तुला आवडतो म्हणतोस, तर कुठल्या प्रसंगात आवडतो? पत्रभर शोधलं. ‘रंगांची उधळण’, ‘संगीत अप्रतिम’, ‘त्यांचा सुवर्णकाळ’, ‘नंतरची घसरण’. प्रसंग एक नाही. आधी प्रसंग सांग, मग मत सांग, मग वाटलं तर यादी कर. माझ्याकडं तुला द्यायला एवढंच आहे, आणि पुढच्या पानांतही मी हेच म्हणणार आहे. कंटाळा आला तर चहा करून घे.

आमच्या सांगलीतल्या चित्रपट मंडळात हा नियमच होता. एका शाळेच्या हॉलमध्ये लोखंडी खुर्च्या, सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर, रीळ बदलायला दिवे लागले की डास मारायची संधी. सिनेमा संपल्यावर चर्चा असायची, आणि चर्चेत पहिल्या वाक्यात ‘चांगला’, ‘वाईट’, ‘महान’, ‘बोअर’ म्हणायला बंदी. कोण कुठं उभं होतं, काय ऐकू येत होतं, तुमचं लक्ष कुठं गेलं, ते आधी बोला. लोक वैतागायचे. विशेषतः जे पुस्तकं वाचून यायचे ते जास्त. त्यांना दिग्दर्शकाची जीवनदृष्टी सांगायची असायची, आणि मी विचारायची, खिडकी उघडी होती का बंद?

आता ‘कुंकू’ घे. १९३७ चा. तो तू पहिल्या क्रमांकावर ठेवलायस, कारण ‘काळाच्या पुढचा स्त्रीवादी चित्रपट’. हे वाक्य तुझं नाही, ते वापरून वापरून गुळगुळीत झालंय. ना. ह. आपट्यांच्या कादंबरीवरचा सिनेमा, म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लावून दिलेली नीरा, ती नवऱ्याला नवरा मानायला नकार देते. ही झाली गोष्ट, आणि गोष्ट आपट्यांची आहे. शांतारामांनी काय केलं ते सांग. त्यांनी पार्श्वसंगीत काढून टाकलं. त्या काळात, जेव्हा बोलपट म्हणजे गाण्यांची रेलचेल होती! घरात जे वाजेल, गल्लीतून जे येईल, तेवढंच ऐकायचं. त्यामुळं होतं काय, की त्या घरातली शांतता तुमच्या अंगावर येते. घड्याळाची टिकटिक ऐकायला लागते. दुःखाच्या जागी सारंगी नाही, रागाच्या जागी ढोल नाही, नीराची चीड तुम्हाला तिच्या चेहऱ्यावरूनच काढून घ्यावी लागते, आणि शांता आपटे ती देते.

आणि केशवराव दाते. त्यांचे काकासाहेब, म्हणजे तो म्हातारा वकील, आरशासमोर उभे आहेत, आपलं वय त्यांना दिसतंय, ते आरसा फोडतात, आणि फुटलेल्या तुकड्यातुकड्यांतून तोच म्हातारा त्यांना हसतो. कादंबरीत वाक्य लिहून हे होत नाही. खलनायक आहे म्हणून त्याला हसावं की कीव करावी, हे ठरवायच्या आत प्रसंग संपलेला असतो. हा बघ, याला म्हणतात मान वळवणं. तुला ‘स्त्रीवादी’ म्हणायचं असेल तर खुशाल म्हण, पण या आरशावरून म्हण. सिनेमातला सगळ्यात खोल गेलेला माणूस त्यातला म्हातारा आहे, ही अडचण मग तुझ्या लक्षात येईल आणि वाक्य थोडं अडखळेल. अडखळू दे.

माझी आजी बिजवराला दिलेली होती. तिनं ‘कुंकू’ लागला तेव्हाच थिएटरात पाहिला होता, शेजारणींबरोबर, घरी कीर्तनाला जाते सांगून. म्हातारपणी विषय निघाला की म्हणायची, “फार चांगला बोलपट होता तो,” आणि तांदूळ निवडायला लागायची. तिनं तिथं काय पाहिलं असेल? आरसा पाहिला असेल का? की काकासाहेबांची ती मोठी मुलगी, शकुंतला परांजप्यांनी केलेली, जी नव्या सावत्र आईची बाजू घेते, तिच्याकडं बघत बसली असेल? मी विचारायला हवं होतं असं सुचलं तेव्हा आजी नव्हती. ‘फार चांगला’ एवढंच हाती राहिलं. त्या दोन शब्दांचं मी काय करू, सांग. तू पण उद्या ‘मास्टरपीस’ म्हणून मोकळा होशील आणि तुझ्या नातवाच्या हाती तेवढंच राहील.

असो. ‘माणूस’कडं येते. १९३९. माझ्या मते बापूंचा सर्वांत चांगला सिनेमा हाच, आणि तू त्याला पाचांत जागाच दिली नाहीस, म्हणून थोडं लांबण लावते. शाहू मोडकांचा गणपत हवालदार आणि शांता हुबळीकरांची मैना. ‘कशाला उद्याची बात’ सगळ्यांना पाठ आहे. पाठ असल्यामुळंच कुणी ते बघत नाही. अनेक भाषांत फिरणारं गाणं आहे ते, समोर बसलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याच्या त्याच्या भाषेत रिझवणारं. आनंदी चाल आहे, आणि आपण धंद्याची जागा बघतोय. चाल एकीकडं ओढते, डोळे दुसरीकडं ओढतात. हे दोन्ही एकाच वेळी घडवून आणणं सोपं नाही रे.

दुसरा प्रसंग. गणपत आणि मैना फिरायला गेलेत आणि तिथं एका सिनेमाचं चित्रीकरण चाललंय. नायक-नायिका झाडापाशी लाडेलाडे प्रेम करतायत. हे दोघं बघतात आणि मग त्यांची नक्कल करतात. लोक म्हणतात, बॉम्बे टॉकीजची टिंगल केली. केली असेल. पण मला त्यात दुसरं दिसतं. या दोघांना स्वतःचं प्रेम बोलता येत नाही. एक पोलीस, एक वेश्या, त्यांच्यासाठी शब्द कुणी करून ठेवलेले नाहीत. म्हणून ती नक्कल करता करता, हसता हसता, जे खरं आहे ते चोरून बोलून घेतात. टिंगल संपते कुठं आणि खरं सुरू होतं कुठं, ते मला अजून नेमकं सापडलेलं नाही. तुला सापडलं तर कळव.

आणि शेवट. मैनेच्या हातून खून होतो, ती तुरुंगात जाते, सुटायची संधी नाकारते. गणपतला मरायची मुभा नाही. तेव्हा देशभर देवदास होऊन दारू पीत मरायची साथ होती, आणि हा हवालदार म्हणे परत कामावर जातो. इथंच एक सांगून ठेवते, कारण हे मी कुठं वाचलेलं नाही, माझं मला दिसलंय. शांतारामबापूंना तत्त्व वाचवायला माणूस मारायची फार हौस. ‘कुंकू’मध्ये काकासाहेब जीव देतात, चिठ्ठी ठेवून, नीरा मोकळी. ‘शेजारी’त धरण फुटतं, जिवबा आणि मिर्झा दोघं जातात, गावाला धडा. ‘दो आंखें बारह हाथ’मध्ये जेलर बैलाशी झुंजून जातो, कैदी सुधारतात. ‘पिंजरा’त मास्तर फासावर जातात, गावातला त्यांचा पुतळा शाबूत. प्रत्येक वेळी कुणी तरी मरतं आणि आपण डोळे पुसत, थोडे शुद्ध होऊन घरी येतो. ‘माणूस’मध्ये ती सोय नाही. कुणी शहीद होत नाही. उद्या सकाळी ड्यूटी आहे. म्हणून माझ्या लेखी तो वर.

बघ, एवढं लिहिलं, तरी ‘सुवर्णकाळ’ हा शब्द लागला का मला? नाही लागला.

आता त्या घसरणीबद्दल. तुझ्या कंपूतल्या त्या मोठ्या मुलाचं म्हणणं असं की प्रभात म्हणजे सोनं आणि १९४२ ला बापू बाहेर पडले, परळला राजकमल ही स्वतःची कंपनी काढली, की झगमगाट सुरू. फार सुबक आहे हे. सुबक आहे म्हणूनच मला संशय येतो. ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ राजकमलचा. ‘अमर भूपाळी’ राजकमलचा, १९५१, होनाजी बाळाचा. त्यात ‘घनश्याम सुंदरा’ ऐकताना शाहीर जातीचा गवळी आहे हे तुला विसरता येत नाही. ‘दो आंखें’ राजकमलचा, १९५७. याच्या उलट, १९३२ चा ‘माया मच्छिंद्र’ अस्सल प्रभातचा आणि त्यात चमत्कारांची नि डामडौलाची हौस काही कमी नाही. घसरण म्हणणाऱ्यांनी तारखा पाहिल्यात, रिळं पाहिलेली नाहीत.

तुला घसरण शोधायचीच असेल तर तारखांवरून नको, एका वस्तूवरून शोध. डोळा. ‘अमृतमंथन’ची सुरुवात आठव. १९३४, पुण्यातल्या नव्या स्टुडिओतला पहिला सिनेमा. पडदाभर एक डोळा. राजगुरूचा. हिंदीत चंद्रमोहन, मराठीत केशवराव दाते. माणूस नंतर दिसतो, आधी डोळा दिसतो. धर्माच्या नावानं दुसऱ्याला कापायला लावणारा माणूस कसा बघतो, ते एका चित्रात सांगून टाकलं. मग तेवीस वर्षांनी ‘दो आंखें’. इथं डोळे आदिनाथ जेलरचे, म्हणजे खुद्द बापूंचे. सहा खुनी कैदी, त्यांच्या हाताला बेड्या नाहीत, धाक फक्त त्या डोळ्यांचा. (ही कल्पना आपल्याकडची, आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरची. औंध संस्थानात कैद्यांची खुली वसाहत खरोखर उभी राहिली. कधी सुट्टीत ये, मी घेऊन जाते.) आता तू मला सांग, राजगुरूचा डोळा आणि आदिनाथचे डोळे यांत फरक काय? पहिला डोळा बघून आपण घाबरतो. दुसरे डोळे बघून आपण हात जोडतो. पण पडद्यावर काम तेच चाललंय, एक माणूस नजरेनं दुसऱ्यांना ताब्यात ठेवतोय. ‘दो आंखें’ला बर्लिनला पारितोषिक मिळालं, राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, ‘ऐ मालिक तेरे बंदे हम’ शाळाशाळांतून म्हटलं गेलं. मलाही रडू येतं. रडू येतं म्हणून मी हा प्रश्न सोडून देत नाही.

आणि तिसरा डोळा ‘नवरंग’चा. त्या बैलाच्या झुंजीच्या चित्रीकरणात बापूंच्या डोळ्यांना दुखापत झाली, पट्टी बांधून पडून राहावं लागलं, आणि त्या अंधारात जे रंग दिसले त्यातून ‘नवरंग’ निघाला, असं त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय. १९५९ चा सिनेमा. आता तुझ्या हसणाऱ्यांना हे विचार. दिवाकर नावाचा कवी आहे. घरात बायको जमुना. साधी, कष्टाळू, तोंडाळ. याच्या डोक्यात मोहिनी, जी जमुनेच्याच रूपात येते, पण नाचते, लचकते, डोक्यावर घागरी घेऊन चंद्राखाली उभी राहते. दोन्ही संध्याच. मोहिनीच्या लकबी भडक आहेत म्हणतात. अरे, त्या एका पुरुषाच्या कल्पनेतल्या लकबी आहेत! बायकोला बघायची सोडून तो तिला रंगवत बसलाय. भडक असणारच. त्याच्या शेजारी जमुनेचे घरातले प्रसंग ठेवून बघ. दुसरी बाई आली या संशयानं ती आतल्या आत जळते, आणि ती दुसरी बाई ती स्वतःच आहे. हे ज्यानं पाहिलं तो मान हलवून दाखवणार नाही.

आणि होळीचं गाणं. ‘अरे जा रे हट नटखट’. संध्या एकाच अंगावर दोन सोंगं घेऊन नाचते, पुढून बाई, पाठीमागून मुखवटा लावलेला पुरुष. गिरकी घेतली की खोडी काढणारा, गिरकी घेतली की चिडणारी. कॅमेऱ्याची हातचलाखी थोडी, अंगमेहनत फार. लहानपणी तुला हेच आवडलं असणार, आणि ते योग्य कारण आहे. पुढं तो हत्ती नाचायला येतो तो मला नको होता. सिनेमा शेवटाकडं रेंगाळतो हेही खरं. ‘नवरंग’ पहिल्या पाचांत बसतो की नाही ते मला ठाऊक नाही, पण तू जिथं टाकलायस तिथं तो बसत नाही. तू तो लाजेनं टाकलायस. लाज ही समीक्षा नव्हे.

मग वाईट कोणता? सांगते, मी काही बापूंची वकील नाही. ‘जल बिन मछली नृत्य बिन बिजली’ तू सगळ्यात खाली ठेवलायस, सोपं गिऱ्हाईक आहे ते. संध्या मासोळीसारखी तडफडत नाचते ते बघून मलाही हसू येतं. पण हसताना मी बघायचं थांबवत नाही, आणि १९७१ साली दुसरं कोण असला वेडा धोका पत्करत होतं ते मला दिसत नाही. माझ्या मते सर्वांत वाईट ‘स्त्री’. १९६१. शकुंतलेचीच गोष्ट, जी त्यांनी १९४३ मध्ये जयश्रीबाईंना घेऊन एकदा केली होती. दुसऱ्या खेपेला दुष्यंत स्वतः बापू. आश्रमात शिरलेला, झाडाआडून तरुण शकुंतलेला बघणारा दुष्यंत. जन्मसाल १९०१, हिशेब तूच कर. वय हा गुन्हा नव्हे. पण चोवीस वर्षांपूर्वी याच माणसानं एका उतारवयातल्या पुरुषाला तरुण मुलीपुढं उभं करून आरसा फोडायला लावला होता, आणि आता तोच माणूस स्वतः पडद्यावर आहे आणि सिनेमाभर कॅमेरा त्याच्या वयाकडं बघायचं टाळतो. तंत्र आहे, रंग आहेत, मेहनत आहे. आरसा नाही. म्हणून वाईट. त्यांच्या घरात काय चाललं होतं, कुणाशी लग्न, कुणाशी काडीमोड, ते मला सांगू नकोस. तुझ्या कंपूत तेही झालं असणारच. जे पडद्यावर नाही ते माझ्या नियमात बसत नाही.

‘पिंजरा’बद्दल मी गप्प बसणार होते, कारण तिथं माझा तोल जातो. १९७२. मी कॉलेजात होते. सांगलीत पहिल्या आठवड्यात बायकांसाठी वेगळी रांग होती आणि तीही रस्त्यापर्यंत. श्रीराम लागूंचा पहिला सिनेमा. मूळ बेतलेलं एका जुन्या जर्मन सिनेमावर, हे नंतर कळलं, आणि कळल्यावर आमच्यातले काही जण एकदम ‘मग काय विशेष’ म्हणायला लागले. विशेष असं की जर्मन मास्तराला पुतळा नाही! गावानं ज्याला मेला समजून ज्याचा पुतळा उभा केला तो मास्तर जिवंत आहे, तमाशाच्या बोर्डावर साथीला उभा आहे, ‘कशी नशिबानं थट्टा आज मांडली’ चाललंय आणि लागूंच्या चेहऱ्यावर काहीही हलत नाही. पुढं त्याच्यावर खटला होतो तो त्याच्या स्वतःच्याच खुनाचा. हे सगळं आपल्या मातीतलं आहे, पुतळे उभारणाऱ्या गावांतलं. शेवटी मास्तर खरं न सांगता मरतो कारण गावाचा आदर्श जगला पाहिजे. सिनेमा याला त्याग म्हणतो. मला तो त्याग पटत नाही, तेव्हाही पटला नव्हता. माझ्या शेजारी बसलेली मैत्रीण हुंदके देत होती आणि मी चिडले होते, की अरे, सांग ना खरं, बघू दे गावाला. ती म्हणाली तुला काळीज नाही. चांगला सिनेमा आहे की वाईट? पाचांत घालू? तू घातलायस, चौथा, ‘लागूंचा अभिनय’ म्हणून. मी त्याला कुठंच घालू शकत नाही, आणि इतक्या वर्षांत त्याच्याइतकी मी कुठल्याच सिनेमाशी भांडलेले नाही.

तू म्हणशील, मावशी, मग यादी करायचीच नाही का? कर की. भांडायला यादीसारखी मजा नाही. पण यादी हा भांडणाचा मोसम आहे, पीक नव्हे. दुसरं, यादी कशातून करतोस तेही ध्यानात ठेव. ‘नेताजी पालकर’पासून बापूंनी मूकपट केले. त्यांतले बहुतेक आज कुणालाच बघायला मिळत नाहीत. २००३ साली पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली, त्यात प्रभातचीही रिळं गेली. तेव्हा ‘सर्वांत चांगला’ म्हणताना आपण ‘उरलेल्यांत सर्वांत चांगला’ म्हणत असतो. मराठी आणि हिंदी अशा दोन-दोन आवृत्त्या व्हायच्या, नट बदलायचे, ते वेगळंच. तू ‘कुंकू’ पाहिलास की ‘दुनिया न माने’? ‘शेजारी’ की ‘पडोसी’? ‘पडोसी’त हिंदू ठाकूर मझहर खान आणि मुसलमान मिर्झा गजानन जागीरदार, मुद्दाम उलटे घातलेत. मराठीत ती अदलाबदल नाही. मग ‘शेजारी चांगला’ म्हणताना तू नेमकं कशाबद्दल बोलतोयस?

इथं मला मंडळाचं सांगितलं पाहिजे, कारण तुझ्या आईनं तुला सांगितलेलं दिसतंय. माझ्या हट्टापायी मंडळ मोडलं, असं गावात म्हणतात. प्रसंग सांग, प्रसंग सांग म्हणून मी लोकांना शाळेतल्या पोरांसारखं उभं करायची, म्हणून सभासद गेले. एक डॉक्टर गेले हे खरं. ‘शांताराम हा मूलतः नाट्यधर्मी’ म्हणाले, मी म्हटलं दाखवा कुठं, ते उठले. पण मंडळ त्यानं मोडलं नाही. मंडळ मोडलं ते प्रिंट आणण्याचं भाडं परवडेना म्हणून, प्रोजेक्टरचे सुटे भाग मिळेनात म्हणून, आणि घराघरांत आधी व्हिडिओ आणि मग डीव्हीडी आली म्हणून. जे राहिले ते शेवटपर्यंत राहिले. त्यातली एक हार्डवेअरच्या दुकानात हिशेब लिहायची, पुस्तक कधी हातात धरलं नव्हतं तिनं सिनेमावरचं. ‘कुंकू’नंतर ती म्हणाली, “त्या घरात पाहुणे आलेले ऐकूच येत नाहीत.” तेवढंच. हॉलमध्ये सगळे गप्प झाले. पार्श्वसंगीत नाही हे आम्ही सगळ्यांनी वाचलेलं होतं, तिनं ऐकलं होतं. अशी एक जरी बाई नियमामुळं बोलायला लागली तर दहा डॉक्टर गेलेले मला चालतात. मी हट्टी आहे म्हणतात. असेन. मृदू असते तर मंडळात लोक जास्त टिकले असते आणि सगळ्यांनी मिळून ‘फार चांगला’ म्हटलं असतं.

तुझ्याबाबतीत मला भीती वेगळी आहे. तुला प्रसंग दिसतात. लहानपणी तू ‘नवरंग’ बघून माझ्या ओसरीवर पाठीमागं पुठ्ठ्याचा मुखवटा बांधून गिरक्या घेतल्या होत्यास, म्हणजे सिनेमातलं नेमकं काय उचलायचं ते तुला तेव्हा कळत होतं. आता तुला मतं यायला लागली आहेत. मतं भराभर येतात, पुण्यात तर फारच. ती चांगल्या माणसांकडून येतात, हुशार माणसांकडून येतात, त्यामुळं ती झटकता येत नाहीत. माझीही मतं झटक. ‘स्त्री’ वाईट आहे हे मावशी म्हणते म्हणून कुठं सांगितलंस तर कान धरीन. आधी बघ. मिळाला नाही तर गप्प बस, न पाहिलेल्या सिनेमाला नाव ठेवणं शोभत नाही.

दोन्ही याद्या मी परत पाठवते आहे, माझ्या पेन्सिलीच्या खुणांसकट. नवीन करून पाठवलीस तर नावं नकोत. मला ‘अमर भूपाळी’तला एक, ‘दो आंखें’तला एक आणि ‘पिंजरा’तला एक प्रसंग लिहून पाठव, प्रत्येकी पानभर, विशेषण न घालता. ‘पिंजरा’तला कोर्टाचा घेतलास तर बरं. त्यात मास्तर गप्प राहतो त्याला तू त्याग म्हणणार, मला दिसतंयच. लिही, मग बोलू.

पुढच्या महिन्यात दिवाळीला येणार आहेस असं आई म्हणाली. लॅपटॉप आण, माझा टीव्ही पेनड्राइव्ह घेत नाही.

तुझी,
मावशी